तराई

आमच्या पल्लवीला पॅटिओ हवा होता. पॅटिओ म्हणजे मागचं अंगण, बाकी काही नाही, पण कॅनडात गेलं की अंगणालासुद्धा साहेबी नाव लागतं. एडमंटनला तिचं घर आहे, मागे गवताचा तुकडा आहे, आणि तिथे काँक्रीट घालून तिला खुर्च्या मांडायच्या होत्या. उन्हाळा तिकडे आला कधी आणि गेला कधी, कळत नाही म्हणे. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, आई, तू राहू दे, बाबांना फोन दे.

बाबांना फोन दे म्हटल्यावर मी आधी ह्यांच्याकडे बघून घेतलं.

तिचे बाबा, म्हणजे आमचे हे, श्रीधर, सिंचाई विभागात इंजिनीयर होते. अख्ख्या माळव्यात कालवे बांधले, पूल बांधले, आणि रिटायर झाल्यावरही रस्त्याने जाताना कुणाच्या घराचा स्लॅब दिसला की थांबून चुका काढायचे. तोच माणूस गेल्या दिवाळीत गावातल्याच देवास गेटला स्कूटर लावून ऑटोने घरी आला आणि स्कूटर चोरीला गेली म्हणून मोहल्ला डोक्यावर घेतला. मग अशा गोष्टी वाढतच गेल्या. इंदूरच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की विसरणं आता वाढत जाणार, औषधाने जरा हळू वाढेल, एवढंच.

परतताना गाडीत मी ते ह्यांना सांगितलं. उज्जैनमध्ये शिरताना नानाखेड्याचा बसस्टँड आला तेव्हा म्हणाले, "पल्लूला सांगायचं नाही. बाकी सगळ्या दुनियेला कळू दे. तिच्यासमोर मला आहे तसा राहू दे, विनू."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आयुष्यात या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. चहासुद्धा मागायचे नाहीत, कप घेऊन नुसते ओट्याशी उभे राहायचे.

तेव्हापासून पल्लवीचा फोन आला की मी ह्यांना खेटून बसायची. हे अडकले की मी मध्ये तोंड घालायची. आल्हादच्या नोकरीचं विचारलं की मीच उत्तर द्यायची, कारण आल्हाद कोण हे ह्यांना कधी आठवायचं, कधी नाही. जावई हो आमचे, आल्हादराव. हे एकच गोष्ट परत सांगायला लागले की मी तिसराच विषय काढायची, भाजीचा नाही तर शेजारच्या अहल्याबाईंच्या गुडघ्याचा. पल्लवी वैतागायची. आई, मध्ये मध्ये काय बोलतेस गं, म्हणायची. मी म्हटलं, म्हणू दे. माझी अब्रू गेली तरी चालेल, ह्यांची राहू दे.

तर अशात हा पॅटिओ. मी भीत भीतच फोन दिला, आणि काय सांगू तुम्हाला, हे एकदम ताठ बसले. जमीन कसली आहे, विचारलं. थंडीत जमीन किती खोलपर्यंत गोठते, विचारलं. मग बोलायलाच लागले. नोकरीत असताना कधीतरी ट्रेनिंगला हिमाचलात गेले होते, ते सगळं बाहेर आलं. म्हणाले, मातीत पाणी राहिलं की ते गोठून फुगतं आणि वरचं काँक्रीट उचलतं, म्हणून माती काढ, खडी भर, थर देऊन ठोकून बसव. ढाल म्हणजे उतार, तो घरापासून बाहेर ठेव. काँक्रीट हवेचं मागव, म्हणजे आत बारीक बारीक बुडबुडे असलेलं, बर्फाला फुगायला जागा लागते. पाणी कमीत कमी. आणि फट तर पडणारच, म्हणून आपणच सरळ रेषेत सांधे काप, म्हणजे ती तिथेच पडेल. पल्लवी तिकडून हो बाबा, हो बाबा करत होती आणि मी इकडे आ वासून बसले होते. एक शब्द मला पुरवावा लागला नाही.

ते दिवस फार छान गेले. फोन यायच्या आधी हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. जेवताना काँक्रीट, फिरताना काँक्रीट. एरवी मला कंटाळा आला असता, पण तेव्हा वाटायचं, बोला, दिवसभर बोला. मी काही देव-देव करणारी बाई नाही, तरी एका संध्याकाळी रामघाटावर जाऊन शिप्रेत दिवा सोडून आले. मला खरंच वाटलं की माझा नवरा मला परत मिळाला. वेडी मी.

काँक्रीट घालायला सप्टेंबर उजाडला, तोही सरत आलेला. तिकडे तोपर्यंत थंडी सुरू झाली होती. गाडी आली, काँक्रीट ओतलं, फिरवून गुळगुळीत केलं, पल्लवीने फोन फिरवून सगळं दाखवलं. हे स्क्रीनला नाक लावून बघत होते. शाबास, म्हणाले. काम खरंच सुरेख झालं होतं.

मग तिने विचारलं की आता पुढे काय. काँक्रीटवाल्या कंपनीचा माणूस सांगून गेला होता की वर जाड ब्लँकेटं घाला आणि पाण्याचा थेंब लागू देऊ नका. आल्हादने ब्लँकेटं आणूनही ठेवली होती.

"ब्लँकेटं काय घालायची, ते काय बाळंतीण आहे?" हे म्हणाले. "आता तराई. कडेने वाळूच्या क्याऱ्या कर, आत पाणी भर. आठवडाभर पाणी हटता कामा नये."

तराई म्हणजे आपल्याकडे नवीन काँक्रीटला वाळूचे बांध घालून पाणी पाजतात ते. माळव्यातल्या उन्हात ते केलं नाही तर स्लॅबचा भुगा होईल. आयुष्यभर सुट्टीच्या दिवशीही साइटवर जाऊन ह्यांनी मजुरांना त्यावरून शिव्या घातल्या आहेत. बाकी सगळं पुसलं गेलं तरी ते पुसलं जाणार नाही. पण मी चित्रकलेची मास्तरीण असले तरी मला एवढं कळत होतं की तिकडे रात्री पाण्याचा बर्फ होतोय. आणि बर्फ फुगतो हे ह्यांनीच तर सांगितलं होतं! मी हळूच म्हटलं, अहो, तिकडे थंडी आहे ना? ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी त्या डोळ्यांत काहीच नव्हतं. मग राग आला. काँक्रीट मी केलंय की तू, म्हणाले. पल्लवी तिकडून हसली. म्हणाली, आई, बोलू दे ना बाबांना.

ह्यांचं चुकतंय म्हणायचं तर का चुकतंय तेही सांगावं लागलं असतं. नंतर तिला फोन करायला स्वयंपाकघरात गेले, नंबरही काढला, तर हे दारात येऊन उभे. पल्लूचं काम कसं झालं बघितलंस ना, असं विचारत होते. चेहरा नुसता फुलला होता. मी फोन ओट्यावर ठेवला आणि मनात म्हटलं, पोरगी शहाणी आहे, ब्लँकेटंच घालेल.

पण पोरीने बापाचं ऐकलं. ब्लँकेटांवरून नवऱ्याशी भांडली, कंपनीच्या माणसाला म्हणाली की माझ्या वडिलांनी धरणं बांधलीत, आणि क्याऱ्या करून पाणी भरलं. दोन रात्री ओळीने पाणी गोठलं.

मंगळवारी सकाळी तिचा फोन माझ्या मोबाइलवर आला तेव्हा हे अंघोळीला गेले होते. वरचा थर सुटला होता. नुसता बूट घासला तरी खपल्या निघत होत्या, खालची खडी दिसत होती. सगळं फोडून उन्हाळ्यात परत करावं लागणार होतं. आल्हाद तिच्याशी बोलत नव्हता. पण ती रडत होती ते काँक्रीटसाठी नाही, मला आवाजावरून कळलं. ती कशाला तरी घाबरली होती.

"आई," ती म्हणाली, "बर्फाचं बाबांनीच मला सांगितलं होतं. मग पाणी भर कसं म्हणाले? बाबा ठीक आहेत ना?"

आता काय सांगू? बाथरूममधून बादलीचा आवाज येत होता. हे काहीतरी गुणगुणत होते. ठीक नाहीत म्हणावं, तर एकच गोष्ट मागितली होती या माणसाने, तीही गेली. ठीक आहेत म्हणावं, तर मग इतकी वर्षं इंजिनीयर असून एवढंही कळत नाही, असं मुलीला वाटणार. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं.

मी म्हटलं, चूक माझी आहे गं. फोन ठेवल्यावर बाबांच्या लक्षात आलं होतं. मला म्हणाले, पल्लूला लगेच कळव, पाणी नको, ब्लँकेटं घाल. मीच विसरले.

पलीकडचं रडणं थांबलं. मला वाटलं, सुटलो.

मग ती फार मऊ आवाजात म्हणाली, "आई, तुझं हल्ली फार विसरायला होतं का गं?"

आणि एकेक सांगायला लागली. बरेच महिने तिच्या लक्षात येत होतं म्हणे. बाबांना विचारलेल्याची उत्तरं मी देते. चालू विषय सोडून मध्येच अहल्याबाईंचे गुडघे काढते. बाबांना बोलूच देत नाही, सारखी धास्तावलेली दिसते. आल्हादला तिने बोलूनही दाखवलं होतं की आईचं काहीतरी बिनसलंय. मी नाही गं, तसं नाही, एवढंच म्हणत राहिले. ती म्हणाली, अशा माणसाला स्वतःला कळत नसतं, आई. बाबांना दे फोन.

हे तेवढ्यात पंचा गुंडाळून बाहेर आलेच. माझ्या हातातून फोन घेतला आणि नीट ऐकत राहिले. मधूनमधून माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, हो, मी हिला सांगितलं होतं तुला कळवायला. खोटं नव्हते बोलत. त्यांना ते तसंच आठवत होतं.

पल्लवी काय सांगत होती ते मला ऐकू येत होतं. आता बँकेचं तुम्हीच बघा बाबा. आईची औषधंही तुमच्याच हाताने द्या. गॅस बंद केलाय की नाही ते बघत जा. तिला एकटीला बाहेर सोडू नका. आणि रडायला लागली.

"रडायचं नाही, बेटा," हे म्हणाले. "मी आहे ना. मी सांभाळतो हिला."

मी हात पुढे केला होता. फोन हिसकावून घ्यावा आणि एका दमात सगळं सांगून टाकावं, असं अगदी ओठावर आलं होतं. पण वर्षभरात मी हा माणूस असा उभा राहिलेला पाहिला नव्हता. कुणीतरी त्यांच्यावर काहीतरी सोपवलं होतं. मी हात मागे घेतला.

दुपारी ह्यांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडून मागून घेतल्या आणि शर्टाच्या खिशात टाकल्या. गॅसचं बटण दोनदा बघून आले. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि माझा हात हातात घेतला. इंदूरच्या डॉक्टरांनी ह्यांना विचारलं होतं, अगदी तसंच विचारायला लागले, तसाच हळू आवाज काढून.

"आपण कुठल्या गावात राहतो, विनू?"

"उज्जैन."

"बरोबर. आज वार कोणता?"

"मंगळवार."

ह्यांनी मान हलवली. डोळे भरून आले होते त्यांचे. माझ्या हातावर थोपटत म्हणाले, "रविवार आहे गं. असू दे. होतं असं."

"हो," मी म्हटलं. "रविवार."