उजवीकडची मी डावीकडे झाले

मित्रांनो, दारात उभी असलेली ही उंच, काळी, कातडी आसनांची जुनी गाडी म्हणजे मी. एके काळी लोक मला वळून वळून बघत. आता आसनांना भेगा पडल्या आहेत आणि स्वभाव संशयी झाला आहे. हातात पाना घेतलेला माणूस दिसला की माझ्या मनात पाल चुकचुकते.

त्याला कारण आहे. माझा जन्म जपानमधला. तिथे माझं स्टिअरिंगचं चाक उजवीकडे होतं. दहा वर्षं वापरून मालकाने मला विकलं आणि मी जहाजातून चिलीच्या बंदरावर उतरले. तिथून मला पॅराग्वेत विकायला न्यायचं होतं, आणि पॅराग्वेत गाड्यांचं चाक डावीकडे असतं. म्हणून एका शेडमध्ये दोन माणसांनी माझं पुढचं अंग उघडलं, चाक डावीकडे नेलं, तारा तोडल्या, पुन्हा जोडल्या. दोघांचं लक्ष जेवणाच्या सुटीकडे होतं. तेव्हापासून मी कोणावर विश्वास ठेवत नाही.

लुके गावच्या एलादियो ओवेलार यांनी मला घेतलं. त्यांचं खिळे-रंगांचं दुकान होतं. पहिले आठ दिवस ते मला स्वतः पुसत आणि कोणाला दारही जोरात लावू देत नसत. मग जानेवारी आला. तिथला जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि माझ्या एसीने खोड्या सुरू केल्या.

चाकाशी बसलेले एलादियो भाजून निघत आणि शेजारी त्यांची बायको पोर्फिरिया शाल गुंडाळून कुडकुडत असे. माझ्यात हवेची दोन बटणं आहेत, ज्याच्या त्याच्या बाजूला एक. ते आपलं बटण थंडीकडे पिळत, ती आपलं गरमीकडे. तरी त्यांची भट्टी वाढे आणि तिचे गुडघे आणखी दुखत. 'मी तिकडे बघितलं की तूच माझं बटण फिरवतेस,' असं ते तिला म्हणत. तिलाही त्यांचा तोच संशय होता.

शेवटी मला विल्फ्रिदोकडे नेलं. हा गाड्यांच्या विजेचं काम करणारा. एलादियोंच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, म्हणजे भावाहून जवळचा. असे दोघे तिथे एकमेकांना 'कोम्पा' म्हणतात. त्याने गॅस तपासला, जाळी बदलली, दोन्ही बटणं शेवटपर्यंत थंडीवर ठेवली आणि झरोक्यांना तापमापक लावला. दोन्हीकडे बर्फासारखी हवा. खुशाल जा, म्हणाला. पुढच्या फेरीला पोर्फिरिया बसली, तिने आपलं बटण गरम केलं आणि पुन्हा तेच.

असं तीनदा झालं. त्याच्या दुकानात थंडगार, तिथून निघालं की भट्टी. एलादियोंनी यातून एकच अर्थ काढला. कोम्पा आपल्या डोळ्यांत धूळ फेकतोय, गाडीतला चांगला भाग काढून जुना बसवतोय. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. त्याने माझी जुनी जाळी कागदात गुंडाळून ठेवलेली मी पाहिली होती.

चौथ्या वेळी तिथे चार-पाच जण तेरेरे पीत बसले होते. हा थंड पाण्यातला पाला एकाच पेल्यातून, एकाच नळीने सगळे पितात, आणि 'धन्यवाद' म्हटलं की आता मला पुरे, असा अर्थ होतो. विल्फ्रिदोने पहिलाच पेला एलादियोंपुढे धरला.

"धन्यवाद," एलादियो म्हणाले. "चोराच्या हातचं मी पीत नाही."

विल्फ्रिदोचा हात तसाच राहिला. पुढच्या रविवारी त्याच्या नातीचा बाप्तिस्मा होता आणि धर्मपिता म्हणून एलादियोच उभे राहणार होते. निघताना ते म्हणाले, माझी वाट बघू नका.

रविवारी पोर्फिरियाने किल्ली उचलली. "तुम्ही नका येऊ. मी जाते. बाळाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"एकटीला गाडी देऊ? आणशील कुठेतरी घासून. येतो मी, पण बाहेरच बसेन." असं म्हणत ते उजव्या आसनावर बसले.

अर्ध्या वाटेत त्यांचे दात वाजू लागले. चाकाशी बसलेल्या पोर्फिरियाच्या मानेवरून घाम वाहत होता. तिने गाडी कडेला घेतली.

"अहो, इथे बसणारा भाजतो आणि तिथे बसणारा गारठतो. माणूस कुणीही असो. तुमचं बटण थंडीकडे फिरवा बघू."

त्यांनी फिरवलं. गार वारा तिच्या तोंडावर आला. मग तिने आपलं बटण गरमीकडे नेलं आणि त्यांचे पाय शेकू लागले. चाक इकडून तिकडे नेताना शेडमधल्या त्या दोन माणसांनी माझ्या बटणांच्या तारा उलट जोडल्या होत्या. इतके दिवस मीच त्या अंगात वागवल्या आणि मलाच ठाऊक नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि मनातल्या मनात मीही त्यात सामील होते. मला फार लाज वाटली.

"लवकर चल," एलादियो हळूच म्हणाले.

चर्चपाशी पोचलो तेव्हा बाळाच्या डोक्यावर पाणी पडून गेलं होतं. धर्मपित्याच्या जागी शेजारचा पाववाला उभा होता. ते नातं एकदाच जुळतं, पुन्हा बदलता येत नाही. एलादियो टोपी हातात धरून दाराशीच थांबले. विल्फ्रिदो बाहेर आला तेव्हा त्यांनी बटणांचं सगळं सांगितलं, आणि कोम्पा, चुकलो मी, असंही म्हणाले.

विल्फ्रिदोने माझं दार उघडून दोन्ही बटणं फिरवून पाहिली. "मीही सुटी सुटी फिरवून बघायला हवी होती. तारा उद्या बदलतो, अर्ध्या तासाचं काम आहे. बाकीचं मला दुरुस्त करता येत नाही."

त्याने शब्द पाळला. आज माझी हवा ज्याची त्याला मिळते. मित्रांनो, तुमच्याकडची गाडी, पंखा, काहीही बिघडलं, तर एवढं करा. आधी सगळ्या तारा तपासा आणि माणसावर संशय अगदी शेवटी घ्या. विल्फ्रिदोची ती नात आता चालायला लागली आहे. रविवारी ती आमच्या दारावरून पाववाल्याचं बोट धरून जाते आणि एलादियो मला पुसता पुसता थांबतात.