टेकडीचा आजचा फोटो

“त्यांच्या मनाला लागेल असं काही सांगू नका,” डॉक्टरांनी बजावलं होतं. निवृत्त पोस्टमास्तरांनी ते शब्द गाठीला बांधून ठेवले. अंथरुणाला खिळलेल्या बायकोसाठी ते रोज सकाळी गावाबाहेरच्या टेकडीचा फोटो काढून आणत. म्हातारपणी जडलेला हा छंद दोघांचाही विसावा होता. पण खाणवाल्यांनी टेकडी पोखरायला घेतली आणि मास्तर नुसतेच फिरून येऊन जुने फोटो ‘आजचा’ म्हणून पुढे करू लागले.

त्या दिवशी तिने फोटो बराच वेळ न्याहाळला.

“अहो, भर उन्हाळ्यात टेकडी एवढी हिरवीगार कशी हो?”

मास्तरांनी फोटो परत घ्यायला हात पुढे केला. तिने तो सोडला नाही.

“सुरुंग रोज ऐकते मी. पाय गेलेत माझे, कान नाही. कितीशी उरलीय?”

“निम्मी... निम्मीही नसेल.”

“मग तेवढी दाखवा. तुम्ही लपवायला लागलात, की मी आधीच गेल्यासारखं वाटतं.”

“उद्या आणतो. खरा.”

सकाळी तिच्या उशाशी पाणी ठेवून, कॅमेरा गळ्यात अडकवून मास्तर आवाज न करता बाहेर पडले आणि धुळीच्या दिशेने चालू लागले.