आमेनच्या आधी

आमेन म्हणून झाल्यावर सावळीच्या लक्षात आलं की आपण आत्ताच आपल्या लग्नाला होकार दिला.

रविवारची प्रार्थना सभा होती, बारकूबाबाच्या अंगणात. खर्डी स्टेशनपासून आत, तानसाच्या जंगलाला लागून त्यांचा पाडा. येशूला मानणारी वीस-बावीस विश्वासी माणसं ताडपत्रीवर बसली होती आणि मुरबाडहून आलेला ब्रदर साईनाथ डोळे मिटून, एक हात वर करून बोलत होता. त्याचा आवाज चढला की आमेन म्हणायचं, अशी सगळ्यांना सवयच लागली होती. आवाज चढला. सगळ्यांबरोबर सावळीही म्हणाली, "आमेन!" मग कुठे तिला शब्द समजले.

"प्रभू मला एक जोडी दाखवतोय! आपली बहीण सावळी आणि आपला भाऊ शाम! प्रभूनं यांना एकमेकांसाठी राखून ठेवलंय!"

शाम तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. आमेन त्यानंही म्हटलं होतं, आणि त्याचं तोंड अजून तसंच उघडं होतं.

"हालेलुया!" बारकूबाबा ओरडला. ढोलकी सुरू झाली. बायकांनी सावळीला उठवून मध्ये घेतलं आणि ती काही बोलायच्या आत तिच्याभोवती फेर धरला.

सावळी चौतीस वर्षांची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. शाळेत मुलांची खिचडी शिजवायची, आणि तिथंच, डाळ शिजेपर्यंत पहिलीच्या वर्गाच्या दाराशी बसून बसून ती वाचायला शिकली होती. आता पाड्यावर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, अडखळत का होईना वाचणारी ती एकटी बाई होती. शाम खर्डी स्टेशनवर रिक्षा चालवायचा. स्वभावानं सरळ आणि इतका लाजाळू की पॅसेंजरला कुठे जायचंय हे विचारतानाही त्याचे कान लाल व्हायचे. दोघं एका सभेत बसत, पण आजवर त्यांच्यात "जय ख्रिस्त" यापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

ब्रदर साईनाथचा शब्द मात्र पाड्यावर कोणी मोडत नसे. दोन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आला, तेव्हा पाड्यावरच्या लहानीची शेळी हरवली होती. त्यानं डोळे मिटून "पूर्वेला बघा" म्हटलं आणि शेळी पूर्वेलाच सापडली. तेव्हापासून तो सांगेल ते खरं. त्यानं सांगितलं म्हणून बारकूबाबानं दारू सोडली. त्यानं सांगितलं म्हणून बाबाच्या बायकोनं, सकुबाईनं, चहा सोडला. लहानीनं हिरव्या बांगड्या सोडल्या, आणि ढोलकीवाल्या मंगळूनं इतक्या वर्षांची मिशी काढली. मिशीशिवाय त्याला त्याच्या स्वतःच्या कुत्र्यानं तीन दिवस घरात घेतलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सकुबाई दोरी घेऊन सावळीच्या दारात हजर.

"हात वर कर. ब्लाउजचं माप घेते."

"काकी, मला कोणी इचारलं तरी का?"

"तुला काय इचारायचं गो? देवानं इचार केला ना!" सकुबाईनं दोरीला गाठ मारली. "आणि तू आमेन बोललीस. मी कानानं ऐकलं."

"ते चुकून बोलले."

"देवाच्या घरात चुकून काय व्हत नाय," असं म्हणून सकुबाईनं दुसरी गाठ मारली आणि बारकूबाबानं लग्नाला होळीनंतरचा रविवार पक्का केल्याचं सांगून निघून गेली.

सावळीला हसूही येत होतं आणि धास्तीही वाटत होती. नाही म्हणून टाकणं सोपं होतं. पण हे खरंच देवाकडून आलं असेल तर? प्रभूनं तिला फार सांभाळलं होतं. नवरा गेला त्या वर्षी ती तोंड मिटून बसायची, तेव्हा याच माणसांनी तिच्या घरी येऊन गाणी म्हटली होती. त्या देवाला ती उगाच नाही म्हणणार नव्हती. पण तो बोललाय की ब्रदर बोललाय, हे तिला कळायला हवं होतं.

सोमवारी शाळेत तिनं खिचडीचं टोप चुलीवर चढवलं, शेजारी शास्त्र उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. मंगळवारीही तेच. बुधवारी तिला त्यात बिरुया गावची माणसं सापडली. येशूचा प्रेषित पौल त्यांच्या गावात येऊन शिकवू लागला तेव्हा ती माणसं मन लावून ऐकायची, आणि तो सांगतो ते खरं आहे का, हे रोज शास्त्रात शोधून बघायची. सावळीनं ते दोनदा वाचलं. पौलाला तपासलं! आणि ते केलं म्हणून त्यांना कोणी अविश्वासी म्हटलं नव्हतं. उलट भलीच माणसं म्हटलं होतं.

मग तिला येशूची आई मरिया आठवली. देवाचं केवढं मोठं काम होतं ते, तरी देवदूत थेट मरियेकडे गेला. शेजाऱ्याकडे निरोप ठेवून निघून गेला नाही. तिनं प्रश्न विचारला तर थांबून उत्तरही दिलं.

सावळी एकटीच मोठ्यानं हसली. तेवढ्यात खिचडी खाली लागली, पण त्या दिवशी मुलांनी करपलेली खिचडीही न कुरकुरता खाल्ली, कारण वाढणारी बाई मध्येच खुदकन हसत होती.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती खर्डी स्टेशनवर गेली. शामनं तिला लांबून पाहिलं आणि रिक्षा चालू केली. ती निघायच्या आत सावळी पळत जाऊन मागे बसली.

"कुठं जायचं?" शामनं समोर बघतच विचारलं. कान लाल.

"कुठंपण. आधी सांग, तुला देवानं माझ्याबद्दल काय सांगितलं का?"

रिक्षा दोन गचके खाऊन पुढे गेली. "खरं सांगू?"

"खरंच सांग."

"नाय. तुला?"

"मला पण नाय."

मग शामच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. सावळीला वाटलं तो रडतोय, पण आरशात पाहिलं तर तो हसत होता, इतका की त्याला रिक्षा कडेला घ्यावी लागली. ते पाहून सावळीला जे हसू फुटलं ते थांबेच ना. भाताच्या मोकळ्या खाचरात चरणाऱ्या म्हशी माना वर करून दोघांकडे बघत राहिल्या.

"चार दिवस झोप नाय मला," शाम डोळे पुसत म्हणाला. "सावळीताई, तू वाईट नायस. पण कसाऱ्याला जयश्री हाय ना, हायवेवर टायरच्या दुकानात हिशोब बघते ती... तिला मी सहा महिने इचारीन इचारीन करतोय."

"मग आमेन कशाला बोललास?"

"सगळे बोलले. तू कशाला बोललीस?"

दोघं पुन्हा हसले.

"चल मुरबाडला," ती म्हणाली. "त्यालाच इचारू."

"आत्ता?"

"मग काय होळीनंतर?"

शामनं रिक्षा वळवली. पाड्याच्या फाट्यावरून जाताना सकुबाईनं दोघांना एका रिक्षात पाहिलं, आणि नवरा-नवरी साडी घ्यायला शहापूरला गेल्याची बातमी ते शहापूरला पोचायच्या आत पाडाभर झाली.

शहापूर गेलं, किन्हवली गेलं. रस्ता वाईट, रिक्षा उडत होती आणि दोघं सभेतली गाणी मोठमोठ्यानं म्हणत होते. शामला उंच स्वर जमत नव्हता, तरी तो लावत होता. सरळगावच्या नाक्यावर एका पोलिसानं त्यांना थांबवून वास घेऊन पाहिला आणि काहीच न सापडल्यानं हात हलवून सोडून दिलं.

ब्रदर साईनाथ मुरबाडात घरासमोर बनियनवर मोटारसायकल धूत होता. दोघांना एकत्र बघून त्याचा चेहरा फुलला. "प्रभूची स्तुती! जोडीनं आलात!"

"ब्रदर, बसा जरा," सावळी म्हणाली. तो खरंच बसला, ओल्या पायरीवर. "आमी भांडायला नाय आलो. तुमाला शब्द कसा मिळाला ते इचारायला आलो. देव तुमाला बोलला, पण आमाला दोघांनाही बोलला नाय. मी चार दिवस प्रार्थना केली, शास्त्र वाचलं."

साईनाथ सत्तावीस वर्षांचा होता. सभेतला पांढरा शर्ट अंगावर नसला की आणखी लहान दिसायचा. त्यानं हातातलं फडकं पिळलं.

"डोळे मिटले आणि तुमी दोघं शेजारी शेजारी दिसलात."

"आमी शेजारीच बसलो होतो," शाम म्हणाला. "मी उशिरा आलो. पुरुषांच्या बाजूला ऊन होतं."

साईनाथनं फडकं पुन्हा पिळलं. आतून त्याची आई बाहेर आली आणि दाराला टेकून ऐकू लागली.

"कधी कधी खरंच आत काहीतरी हलतं," तो हळू म्हणाला. "ते खोटं नाय. पण दर वेळी नाय हलत. तुमी सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसता. आज काय नाय, असं सांगायला भीती वाटते. आणि ती शेळी..."

"शेळीचं काय?"

"येताना वाटेत दिसली होती मला. ओहोळावर पाणी पीत होती. ते सांगणारच होतो, पण तुमी तवर नाचायलाच लागलात."

सावळीनं तोंडावर पदर धरला. पायरीच्या कडेला टेकलेला शाम हसता हसता खाली घसरला.

"ह्यानं मला दोन वर्षं वांगं खाऊ दिलं नाय," साईनाथची आई दारातून म्हणाली. "देवाचं नाव सांगतो. वांगं ह्याला स्वतःला आवडत नाय!"

आता साईनाथही हसला. हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. सावळीनं पिशवीतून शास्त्र काढलं आणि बोट ठेवून, अडखळत, बिरुयाच्या माणसांचं त्याला वाचून दाखवलं. तो तिच्या बोटामागं डोळे फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "हे मी कधी शिकवलंच नाय."

"आता शिकवा," ती म्हणाली. "आमी तपासू."

पुढच्या रविवारी अंगण भरून गेलं होतं. सकुबाई शिवलेला ब्लाउजच घेऊन आली होती. साईनाथ उभा राहिला आणि त्यानं डोळे उघडे ठेवले, हेच सगळ्यांना नवीन होतं.

"मागच्या रविवारी मी चुकलो," तो म्हणाला. "ते देवाचं नव्हतं, माझंच होतं. सावळीताई, शामभाऊ, माफ करा. शेळीपण मला वाटेतच दिसली होती."

बारकूबाबाच्या कपाळावर आठी चढली. मग सकुबाईचा आवाज आला.

"मग माझा चहा?"

कोणीतरी फिसकन हसलं. लगेच लहानीनं बांगड्यांचं विचारलं. मंगळू ओठावर हात ठेवून "आणि माझी मिशी?" म्हणाला, आणि अंगणात जो हशा उसळला त्यात म्हातारे एकमेकांच्या अंगावर पडले. साईनाथ मध्ये उभा राहून "माफ करा, माफ करा" म्हणत स्वतःच हसत होता.

"सावळे, तू वाचतेस ना?" सकुबाईनं डोळे पुसत विचारलं. "तू सांग. पिऊ का चहा?"

"हो, सावळी सांगेल तसं करू!" दोघं-तिघं म्हणाले. "आमेन!"

सावळी ताडकन उठली. "आमेन नको! आधी ऐका, मग आमेन! मला नका इचारू. मीपण चुकेन, तवा मलापण तपासा. काकी, मी वाचते, तू ऐक, आणि मला काय समजलं नसेल तर टोक. प्रार्थना करू, एकमेकांशी बोलू. चहा देवाला नको असेल तर तो तुलापण कळवील."

"मला तर तो रोज सकाळी पी म्हणतो," सकुबाई म्हणाली, आणि पुन्हा सगळे कोसळले.

बारकूबाबा मात्र हसत नव्हता. तो उभा राहिला तसे सगळे गप्प झाले. त्यानंच या पाड्यावर पहिली प्रार्थना केली होती.

"ब्रदर, तू मला दारू सोड बोललास," तो म्हणाला. "ते तरी कोणाचं होतं?"

साईनाथनं मान खाली घातली. "माहीत नाय, बाबा. तुमीच बघा."

बाबा बोटं मोजू लागला. "दोन वर्षं घरात भांडण नाय. नातवंडं जवळ येऊन बसतात. दारूनं माणूस फुकट जातो, हे तर शास्त्रातपण लिवलंय, सावळीनंच वाचलं होतं." तो सकुबाईकडे वळला. "हे मी ठेवणार. बाकीचं तुमचं तुमी बघा."

आणि मग तोही हसायला लागला, मिशी नसलेल्या मंगळूकडे बघून.

मंगळवारी शाम कसाऱ्याला गेला. एकट्यानं बोलायचं धाडस होईना, म्हणून त्यानं सावळी आणि सकुबाईला बरोबर घेतलं. हायवेवर ट्रक धडाडत होते. जयश्री टायरच्या ढिगाआडून वही घेऊन बाहेर आली, आणि शामनं एका दमात विचारून टाकलं. इतक्या मोठ्यानं, की पंक्चर काढणारे दोघे हात थांबवून बघायला लागले.

जयश्रीनं पेन कानावर खोचलं. "आठ दिवस दे," ती म्हणाली. "घरी बोलते, प्रार्थना करते. मग सांगते."

"आठ काय, पंधरा घे!" शाम म्हणाला आणि आनंदानं उलट्या दिशेनं चालायला लागला. सावळीनं त्याला वळवून रिक्षात बसवलं.

जयश्रीनं सहाव्या दिवशीच फोन केला. वैशाखात लग्न झालं, साईनाथनं प्रार्थना केली, आणि सावळी इतकी नाचली की तिची चप्पल तुटली. ती तिनं भिरकावून दिली आणि अनवाणीच नाचत राहिली.