मागची सीट

१९८७ सालच्या ऑक्टोबरमधली ही गोष्ट. मित्रांनो, मी एक जुनी, दोन माणसांची सायकल आहे. दोन सीटा, पायडलच्या दोन जोड्या, आणि ब्रेक मात्र पुढच्याच्याच हातात. सध्या ग्रुइसाँ गावात एका द्राक्षवाल्याच्या कोठारात रिकाम्या पिंपांना टेकून उभी आहे. आता नुसते उभे राहूनही दमायला होते. पण ते आठ दिवस मी विसरलेले नाही.

लेओन्सने मला लग्नाच्या वर्षी घेतले. तो इथल्याच समुद्रकाठच्या मिठागरात कामाला होता. पुढे तो बसे, मागे त्याची बायको ओदेत. आम्ही बाजारात शिरलो की लोक काम सोडून बघत. मग घरात मोटार आली आणि मी भिंतीला लागले. सत्तरीला टेकल्यावर लेओन्सने मला पुन्हा बाहेर काढले, त्याला कारण घडले. त्यांची मुलगी सोलांज दूर लियों शहरात राहायची. आईबाबांनी घर विकून आपल्याकडे यावे, असा तिने धोशा लावला होता.

"बाबा, तुमचे गुडघे जिनासुद्धा चढत नाहीत."

"जिन्याचं काय घेऊन बसलीस? तुझ्या आईला कोलियूरपर्यंत सायकलवरून फिरवून आणतो. आठ दिवस, मजेत!"

"आगगाडीत न बसता परत आलात, तर पुन्हा लियोंचं नाव काढणार नाही. नाहीतर मुकाट्याने बोचकं बांधायचं. आठव्या संध्याकाळी मी दारात उभी असेन."

निघालो त्याच सकाळी त्रामोंतान सुटला. हा आमच्याकडचा जमिनीवरून येणारा कोरडा वारा. शहाणी माणसे जाताना या वाऱ्याला तोंड देतात आणि येताना पाठ. पण मिठागरातल्या माणसाला तो घरचाच वाटतो, कारण त्याच्यावरच मीठ पिकते. वारा पाठीशी घेऊन आम्ही दक्षिणेला निघालो. वेलींवर राहिलेले द्राक्षांचे घोस खात, खाजणाकाठी डुलक्या काढत चौथ्या दिवशी कोलियूर या समुद्रकाठच्या गावी पोहोचलो.

"बघितलेस माझे पाय?" लेओन्स म्हणाला.

"पाय कसले, वाऱ्याने ढकललं आपल्याला," ओदेत म्हणाली. "आता परत जाताना?"

"त्रामोंतान तीन दिवस वाहतो, नाहीतर सहा. दोन दिवस थांबू."

दोघे खारवलेले मासे खात थांबले. सातव्या सकाळी खिडकीची दारे पहिल्यासारखीच आपटत होती.

"तीन, सहा नाहीतर नऊ," ओदेत म्हणाली. "नऊ सांगायचं विसरलास वाटतं, मीठवाल्या!"

त्या दोन दिवसांचा शीण अजून माझ्या सांध्यांत आहे. वारा छातीवर हात ठेवून मागे लोटत होता. आठव्या दुपारी वाटेत एक स्टेशन लागले. लेओन्सची मान तिकडे वळली.

"पुढे बघ," ओदेत मागून ओरडली. "धडकवशील!"

थोड्याच वेळाने त्याचा गुडघा गेला. माझ्या पायडलच्या दोन्ही जोड्या एकाच वेळी फिरतात, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळले नसते. त्याचे पाय फिरत होते, पण त्यांत भार नव्हता. सगळा भार मागून येत होता. ओदेत दात आवळून दोघांचे ओझे ओढत होती. संध्याकाळी दारात सोलांज दिसली.

"बघ, कुणी आणलं तुझ्या आईला!" लेओन्सने छाती पुढे काढली.

"यानेच," ओदेत म्हणाली. "बैल आहे नुसता." आणि उंबऱ्यावरच बसली. तिच्याने उठवेना.

सोलांजने शब्द पाळला. ती लियोंलाच राहिली, दर उन्हाळ्यात यायची. लेओन्स आणखी अकरा वर्षे त्याच घरात राहिला आणि तिथेच गेला. ओदेत त्यानंतर चार वर्षांनी गेली. मग घर विकले, आणि मी या कोठारात आले.

मित्रांनो, एक गोष्ट राहिली. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी लेओन्स एकटाच लंगडत माझ्याकडे आला. पुढची सीट मऊ कातड्याची होती, मागची फाटकी. त्याने दोन्ही काढल्या आणि अदलाबदल करून बसवल्या. मऊ कातडे आता मागे होते.

माझ्या साखळीला तेल नाही घातलेत तरी चालेल, आता कुठे जायचे आहे मला? पण तुमच्या मागच्या सीटवर जे कोणी असेल, त्याला मान वळवून विचारत जा, दमलास का म्हणून.