दोन धारांमधला समुद्र

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची किटली आहे, आणि गेल्या जुलैपर्यंत माझ्या आयुष्यात दूध सोडून काहीही घडलेलं नव्हतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाच दिवशी आम्ही चारशे बहिणी जन्मलो, त्यामुळे बारशाचा प्रश्न आला नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात मी छताच्या हुकाला तीन महिने उलटी लटकले. एके दिवशी कसबा बावड्याहून धोंडुबाई आल्या. त्यांनी मला खाली उतरवलं, बोटाच्या पेराने टकटक वाजवलं, झाकण सात वेळा लावून काढून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "पातळ हाय, पण चालंल." माझ्या वाट्याला आलेली पहिली आणि बराच काळ शेवटची स्तुती ती हीच.

धोंडुबाईंना घरात आणि गल्लीत सगळे अक्का म्हणतात. त्यांचे यजमान गुंडू, म्हणजे दादा. दोन एकर ऊस, एक म्हैस आणि दादांचा आवाज, एवढी या घराची मालमत्ता. म्हशीचं नाव बिजली. गोठ्यातून पाण्याच्या टाकीपर्यंत जायला तिला दहा मिनिटं लागतात. नाव कुणी ठेवलं, हे आता कुणीच कबूल करत नाही.

माझं काम सोपं होतं. पहाटे चारला धार, सहाला डेअरी. संध्याकाळी पाचला धार, सहाला पुन्हा डेअरी. रोज चिंच आणि राखेने आंघोळ. तीस वर्षांत मी एकदाही आंबले नाही. गल्लीत याचं कौतुक होतं.

अडचण एकच होती. बिजली अक्कांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नसे. बिजलीची आईही तशीच होती आणि आजीही. अक्का एकदा हुपरीला लग्नाला गेल्या, तेव्हा सून अनुजा अक्कांचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन धारेला बसली. बिजलीने तिच्याकडे वळून शांतपणे पाहिलं आणि लाथ मारली. अनुजा वाचली. माझ्या बुडाला पोचा आला. ते एक लग्न सोडलं, तर अक्का जिथे जात, तिथून पाचच्या आत परत येत. चाळीस वर्षांत त्या दोन धारांच्या मधल्या वेळेत जेवढं जग बसतं, तेवढंच पाहत आल्या होत्या. त्यात समुद्र बसत नव्हता.

भजनी मंडळातल्या सगळ्या बायका समुद्र बघून आल्या होत्या. पाण्यात उभं राहिलं की पायाखालची वाळू सरकते आणि आपणच कुठेतरी निघालोय असं वाटतं, असं त्या सांगत. अक्का ते ऐकून घेत आणि घरी येऊन दादांना म्हणत, "अवो, एकदा जाऊया की. मला निस्तं उभं ऱ्हायचं हाय त्यात."

"समुद्र म्हंजे पाणीच की गं," दादा म्हणत. "रंकाळा बघितलाईस न्हवं? त्योच, जरा मोठा. आनि म्हापुरात दारात आलतं की पाणी, तवा ऱ्हायलीस की उभी."

"तवा डोक्यावर धान्याचं पोतं हुतं."

शेवटी पुतण्या सम्राटनेच मनावर घेतलं. त्याची भाड्याची जीप आहे. हंगामात ती पर्यटकांना नेते आणि पावसाळ्यात दारात उभी राहून गंजते. "अक्का, पाचला निघू, साडेनवाला समुद्र, बाराला माघारी फिरू, पाचला तू बिजलीजवळ. बसतंय का बघ." अक्कांनी बोटांवर मोजलं. बसत होतं.

ठरल्या दिवशी धार काढून झाली आणि सम्राटने हॉर्न दिला. डेअरी उघडायला अजून तासभर होता. अक्का जीपमध्ये बसल्या. गगनबावड्याला चहासाठी थांबल्यावर दादांचं लक्ष गेलं.

"ही किटली कशापायी आणलीस?"

अक्कांनी मांडीवर पाहिलं. मी तिथे होते, चार लिटर दुधासकट.

"हातातच हुती की," अक्का म्हणाल्या.

मित्रांनो, यात विनोद काही नाही. ज्या हाताला चाळीस वर्षं पहाटे किटलीची सवय आहे, तो हात ती कुणाकडे देणार? अनुजाकडे द्यायची, हे अक्कांना सुचलंच नव्हतं, कारण तसं कधी घडलं नव्हतं. घाट उतरेपर्यंत दादा एकाच विषयावर बोलत होते. धुक्यात काही दिसत नव्हतं आणि दूध हिंदकळत होतं.

ते गाव म्हणजे एक जुनं बंदर. किल्ला, तटावर दोन तोफा, छप्पर उडालेली एक वखार. हंगामात तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. जुलैत मात्र सगळं गाव जणू कुणी झाकून ठेवलं होतं. होड्या वाळूवर ओढून नारळाच्या झापांखाली निजवल्या होत्या. खानावळींना कुलपं होती. एका हॉटेलच्या दारावर 'ताजे मासे' असा फलक होता आणि फलकाखाली कुत्रं झोपलं होतं. किनाऱ्यावर दोरी बांधून लाल झेंडा लावला होता आणि छत्रीखाली एक रखवालदार बसला होता.

सम्राट पुढे झाला. "पावणं, कोल्लापुरास्नं आलोय. म्हातारीला जरा पाय बुडवायचं हाईत."

"बंद आसा. ऑगस्ट संपल्याशिवाय नाय."

"समुद्र बंद?" दादांनी विचारलं.

"समुद्र चालू आसा," रखवालदार म्हणाला. "तुमी बंद."

लाटा दोन माणसं उंच होत्या, तेव्हा त्याचं चुकीचं नव्हतं. पण अक्कांची नजर लाटांवर आणि माझ्यावर आळीपाळीने फिरत होती. पहाटे चारचं दूध, कच्चं. आता तापवलं नाही तर नासणार. घरचं दूध नासू द्यायचं म्हणजे अक्कांच्या लेखी माणूस मारल्यासारखं. समुद्र दूर राहिला, मंडळी चूल शोधत निघाली.

किल्ल्याच्या बुरुजाला लागून एका घरातून धूर निघत होता. दारात पराडकर वहिनी उभ्या होत्या. हंगामात त्या घरी पाहुणे उतरवतात. पावसाळ्यात त्या आणि पाऊस, दोघंच असतात.

"वैनी, एवढं दूध तापवून द्यायचं हुतं," अक्का म्हणाल्या. "अर्धं तुमालाच ऱ्हाऊ दे."

वहिनींनी झाकण उघडून आत पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "म्हशीचा? अगो बाय! पाकिटाची गाडी सीझनलाच येता. म्हयनोभर कोरो चाय पितंय मी."

दूध उतू जाईस्तोवर तापलं. वास शेजारी गेला आणि शेजारी पेला घेऊन आले. मग त्यांचे शेजारी आले. कोकणातली माणसं कमी बोलतात असं दादांचं मत होतं. सव्वाअकरापर्यंत ते मत बदललं. दुधाचा थेंब उरला नाही. वहिनींनी मला घासून, पुसून ओट्यावर ठेवलं.

"चला, द्या किटली, निघतो आमी," अक्का म्हणाल्या. "तिकडनं लांबनंच बघतो समुद्र. धार चुकंल."

आणि इथेच सगळं अडलं. मित्रांनो, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत घाटावरही आहे आणि घाटाखालीही. साखरेचा दाणा का होईना, घालून द्यायचा. वहिनींनी साखरेचा डबा उघडला. डब्यात मुंग्या होत्या, त्याही परतीच्या वाटेवर.

मग शोध सुरू झाला. वहिनींनी कोकमाच्या आगळाची बाटली आणली आणि माझ्यावर तिरपी केली.

"आंबट!" दादा असे ओरडले की बाहेरचं कुत्रं उठलं. "दुधाच्या किटलीत आंबट? वैनी, त्यापरीस मला दोन थोबाडीत द्या!"

मी दादांची आभारी आहे. पुढे सुका बांगडा आला. तो आत पडायच्या आधी वास आत पडला आणि अक्कांनीच माझ्या तोंडावर हात ठेवला. नारळ आणला, तो माझ्या तोंडात जाईना. सम्राटने तो फिरवून फिरवून पाहिला, जणू नारळाला एखादी बाजू अरुंद असते. तांदूळ होते, पण डब्याच्या तळाशी दोन मुठी. ते अक्कांनी घेऊ दिले नाहीत.

"बारा वाजाय आले," दादा म्हणाले.

"वैनी, रिकामी दिलीसा तरी मला चालंल की."

"माका नाय चालूचा," वहिनी म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "एप्रिलात इल्लात तर भरून दिलं असतंय. आता घरात काय पण नाय. पण म्हणान चार लिटर दूध पिऊन रिकामा भांडा देव? गावात तोंड कसा दाखवू?"

अक्का वहिनींकडे पाहत राहिल्या. या बाईच्या दारातून आज रिकामी किटली घेऊन जाणं म्हणजे तिचा अपमान, हे त्यांना कळत होतं. बिजली गोठ्यात घड्याळ बघत असणार, हेही कळत होतं. घराच्या मागून समुद्राच्या गाजेचा आवाज येत होता.

"मग त्योच घाला की त्यात," अक्का म्हणाल्या.

"कोण?"

"समुद्र. ह्यो तर हाय न्हवं तुमच्या घरात?"

वहिनींनी पदराने डोळे पुसले, मला उचललं आणि परसदार उघडलं. बुरुजाच्या आडोशाला खडकांनी वेढलेली वाळूची एक लहानशी पुळण होती. लाटा बाहेर खडकांवर फुटून आत दमून येत होत्या, गुडघाभर. बायका तिथे पिढ्यान्‌पिढ्या जाळी धुतात. लाल झेंडा तिथवर पोचत नव्हता.

"ह्यो समुद्र न्हवं, डबकं हाय," दादा म्हणाले.

"चव घेवन बगा," वहिनी म्हणाल्या. दादांनी घेतली. नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. घरातल्यांना हा समुद्राचा पहिला चमत्कार वाटला.

अक्का लुगडं खोचून आत गेल्या. मला त्यांनी पाण्यात बुडवलं, मी गडगड करून भरले. तीस वर्षांचं माझं दुधाळ चारित्र्य एका घोटात संपलं. पण खरं सांगते, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मी अक्कांचे पाय बघत होते. लाट मागे फिरली, पायाखालची वाळू सरकली आणि अक्का माझ्यासकट हेलकावल्या.

"अगं बया बया बया! थांब की जरा!" त्या समुद्राला म्हणाल्या. तो थांबला नाही. त्या हसत सुटल्या. सहासष्ट वर्षांच्या बाईचं तसं हसणं मी आजवर ऐकलं नव्हतं.

"साडेबारा! धार!" दादा खडकावरून ओरडले. चपला त्यांनी छातीशी धरल्या होत्या.

"चाळीस वर्सं मी तिच्या येळंला हाय," अक्का वळूनही न बघता म्हणाल्या. "आज ती माझ्या येळंला ऱ्हाईल."

त्या अजून पाऊण तास उभ्या होत्या.

घाटात धुकं, त्यात वळणावर अडकलेला एक ट्रक. आम्ही पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. बिजलीचं ओरडणं कारखान्याच्या भोंग्यासारखं गल्लीभर ऐकू येत होतं. कास दगडासारखी झाली होती. अनुजा कोपऱ्यात बादलीचे दोन तुकडे घेऊन उभी होती. अक्का तशाच धावत गोठ्यात गेल्या. बिजलीने तोंड फिरवलं. अक्का खाली बसल्या, कासेला हात लावला. थेंब नाही.

"चुकलं बाई माझं," अक्का हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात बिजलीने हुंगलं. मान वळवली. अक्कांच्या लुगड्याचा काठ, पोटऱ्या, कोपर, सगळीकडे मीठ वाळलं होतं. तिने चाटायला सुरुवात केली. पंधरा मिनिटं ती अक्कांना चाटत होती आणि अक्का हलल्या नाहीत. मग पान्हा आला. त्या दिवशी नेहमीपेक्षा अर्धा लिटर जास्त निघालं. दादांनी दुसऱ्या दिवशी तालमीसमोर जाहीर केलं, की म्हशीला समुद्राचं मीठ मानवतं, म्हणूनच त्यांनी ही सहल काढली होती.

दुधाच्या कामातून मात्र मी गेले. खाऱ्या पाण्याने माझ्या अंगावर पांढरे चट्टे उठले. डेअरीला आता स्टीलचा नवा कॅन जातो. मी फडताळात असते, समुद्रासकट. गल्लीतल्या बायका येतात, बोट बुडवून चाखतात, तोंड वाकडं करतात आणि "व्हय, खराच हाय" म्हणतात. बुडाशी मला थोडा पाझर फुटला आहे. माझं फार दिवसांचं उरलेलं नाही. पण माझ्या चारशे बहिणींपैकी समुद्र पोटात घेऊन बसलेली मी एकटीच असेन, असा माझा समज आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. आम्हा भांड्यांना घासा, पुसा, पालथं घाला, ते तर आहेच. पण तुमच्या घरात एखादं काम असेल, जे एकाच माणसाशिवाय कुणाला जमत नाही, तर त्या माणसाचं कौतुक करत बसू नका. ते काम शिकून घ्या. अक्कांना पुढच्या खेपेला वहिनींकडे दोन रात्री मुक्काम करायचा आहे. त्यामुळे दादा रोज पहाटे बिजलीपाशी बसतात. दोन लाथा खाऊन झाल्या आहेत.

काल पाव वाटी निघालं.