रिकाम्या खुर्चीकडे वळणारी काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. दीड वीत लांब, गुरं हाकायची नव्हे, गाणी हाकायची! नॉर्वेतल्या एका खाडीकाठच्या गावात हाल्वर्ड नावाचा माणूस गाणी रचायचा आणि मला हातात धरून कोळ्यांच्या गायकमंडळीकडून ती गाऊन घ्यायचा. नावेच्या उरलेल्या लाकडातून मला तासलं त्याच्या जिवलग मित्राने, ओडवारने. ओडवारचा आवाज इतका खोल, की सभागृहाच्या खिडक्या थरथरत. हाल्वर्डने आपल्या सगळ्यात मोठ्या गाण्यातली एक ओळ त्याला एकट्यालाच दिली होती.

जानेवारीत पुरुष मासेमारीला उत्तरेकडे जात आणि ईस्टरनंतर परतत. तोवर सभागृहातल्या त्यांच्या खुर्च्यांवर कुणी बसायचं नाही, ही गावची रीत. एका वर्षी सगळे आले, ओडवारची नाव तेवढी आली नाही.

हाल्वर्डने ओडवारची खुर्ची कुणाला देऊ दिली नाही. ‘तो अजून समुद्रावर आहे,’ एवढंच म्हणायचा. ओडवारच्या ओळीपाशी तो मला खुर्चीकडे वळवी आणि ओळ संपेपर्यंत नुसताच ताल देत राही. श्रोते खोकत. मंडळी कुरकुरत, मग एकेक जण यायचाच बंद झाला. अशी अकरा वर्षं गेली. खरं सांगते, त्या शांततेत मला फार एकटं वाटायचं.

एकदा सरावाला ओडवारची बायको राग्ना आली, आणि थेट त्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"ती ओळ मला येते. मासे साफ करताना तो हीच गुणगुणायचा."

"ही पुरुषांची मंडळी आहे, राग्ना."

"मग अकरा वर्षं या खुर्चीतून कोण गातंय, हाल्वर्ड?"

त्याने मला हातात घेतलं. राग्ना त्या खुर्चीत बसली. गाणं सुरू झालं, ओळ आली, त्याने मला वळवलं. तिचा आवाज बारीक होता, शेवटच्या सुरावर फाटलाही. हाल्वर्ड ढसाढसा रडला, पण ताल चुकला नाही.

आता दोघंही नाहीत. नवे संचालक नुसत्या हातांनी ताल देतात. मी सभागृहातल्या काचेच्या पेटीत आहे, गाण्याचे कागद खालच्या कपाटात. दर शनिवारी काच पुसतात, पेटी मात्र कुणी उघडत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना नुसतं जपू नका, हातात घ्या. ती खुर्ची मला इथून दिसते. पुन्हा रिकामी आहे. कुणीतरी तिच्यावर बसा, आणि मला तिकडे वळवा.