हेडमास्तरांची दाढी

“काका, पाय खाली सोडा. आज उभं राहायचंय.”

“उद्या.”

“काल पण उद्याच म्हणालात.”

“मग शब्द बदलला का मी?”

फिजिओथेरपिस्ट मुलीला हसू आलं, पण तिनं वॉकर काही पलंगाजवळून हलवला नाही. ऑपरेशनला चार दिवस झाले होते. पंचावन्न वर्षं खुर्चीमागे उभं राहून लोकांचे केस कापलेले काका आता जमिनीकडे बघायलाही घाबरत होते. पडले तरी कसे? दुकानात टॉवेल घ्यायला वळले आणि कोलमडले, एवढंच. खुब्याचं हाड मोडलं. “हाडं आतून विरळ झालीत,” डॉक्टर म्हणाले. काकांना वाटायचं, हे दुखणं फक्त बायकांचं.

“असेच पडून राहिलात, तर कायमचे पडून राहाल हं,” मुलगी म्हणाली.

काकांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात शेजारून “आई गं!” ऐकू आलं. तिथे निवृत्त हेडमास्तर होते. त्यांचाही खुबाच मोडलेला. दाढी टोचते म्हणून त्यांची नात जवळ येत नव्हती. ती आज पुन्हा भेटायला येणार, म्हणून वॉर्डातला मदतनीस त्यांची दाढी करत होता.

काकांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

“अहो, थांबा! कातडी न ताणता ब्लेड चालवतात का? माणूस आहे तो, बटाटा नाही!”

“मग तुम्हीच करा,” मदतनीस वैतागला.

“करतोच! आणा त्यांना इकडे.”

हेडमास्तरांची चाकाची खुर्ची समोर आली आणि काकांचे पाय खाली आले. मुलीनं मागून त्यांच्या कमरेला बांधलेला आधाराचा पट्टा घट्ट धरला. काकांचा एक हात वॉकरवर, दुसऱ्यात रेझर.

“मास्तर, गाल फुगवा. आता दुसरा. बोलायचं नाही, वर्ग चालू आहे.”

हेडमास्तर गाल फुगवूनच हसले.

“काका,” मुलगी हळूच म्हणाली, “सात मिनिटं झाली.”

“कशाला?”

“तुम्ही उभे आहात त्याला.”

काकांनी खाली पाहिलं. ते मटकन पलंगावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात तीन गिऱ्हाइकं तयार होती.

दोन महिन्यांनी काका वॉकर टेकत दुकानात आले. लेक एकाचे केस कापत होती. “बाबा, बसा ना,” ती हात न थांबवता म्हणाली. काका गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. इतक्या वर्षांत त्या बाकावर ते कधी बसलेच नव्हते. इथून दुकान बरंच मोठं दिसत होतं.

एक तरुण आत आला. “काका, तुमचा नंबर माझ्या आधी का?”

काका लेकीच्या हाताकडे बघत होते. मानेवरची रेघ अगदी सरळ उतरत होती.

“नाही, नाही,” ते म्हणाले आणि वॉकर जवळ ओढून त्यांनी त्याला बसायला जागा करून दिली. “तुम्ही जा. मी नुसता बघायला आलोय.”